माकड काढायचंय की वानर?

नंदगडला भाचीला माझ्या कॉमिक पट्टीचं पहिलं पान दाखवलं. गोल डोकं, टपोरे डोळे, गुलाबी तोंड, काळे हात आणि अंगापेक्षा लांब शेपटी. शेंगा सोलत तिनं नीट बघितलं आणि म्हणाली, "आत्या, हे माकड हाय की वानर? तोंड माकडाचं आणि हात वानराचे."

खानापूर तालुक्यातल्या पोरांना हा फरक शिकवावा लागत नाही; दोघंही त्यांच्या कौलांवरून जातात. मी बेळगावात राहून दोघांचं कडबोळं करून बसले होते.

घोटाळा होतो तो 'गोंडस' करण्याच्या नादात. मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्यात जरा खाली बसवलेले मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय: ही बाळाची मापं बघून माणूस विरघळतो, असं प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्ये मांडलं. कार्टूनवाले तीच मापं वापरतात. पण ती लावली की माकड आणि वानर एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात. म्हणून साच्यात काय विरघळू द्यायचं नाही, हे पेन्सिल टेकवायच्या आधीच ठरवावं लागतं.

माकडाचं ठरवणं सोपं. आपल्याकडचं माकड म्हणजे बॉनेट मकाक. डोक्यावर मधोमध भांग पाडून दोन्हीकडे चापून बसवल्यासारखे केस, खाली उघडं कपाळ, बाजूला आलेले कान. भांगाच्या तीन रेघा मारल्या तरी माकड उभं राहतं. 'माकड म्हणतं माझीच लाल' ही म्हण मात्र रंगवताना विसरायची. भडक लाल बूड असतं ते उत्तरेतल्या ऱ्हीसस माकडाचं; आमच्या माकडाची लाली तेवढी नसते.

त्याचं खरं भांडवल गालात आहे. गोकाकच्या धबधब्यावर एकानं माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी हिसकावली. पळून जाऊन खाल्ली असं नाही. आधी सगळे दाणे कोंबले. एक गाल गालगुंड झाल्यासारखा सुजला. मग कठड्यावर बसून, हाताच्या पाठीनं गाल बाहेरून दाबत, एकेक दाणा पुढं आणून निवांत चघळला. चोरी, लपवाछपवी, फुगलेला गाल आणि निरागस तोंड! चार चौकटींचा विनोद त्यानं मला आयता दिला, शेंगदाण्याच्या बदल्यात.

वानराला अशी गालपिशवीच नाही. त्याचा कारखाना पोटात: अनेक कप्प्यांचं जठर, त्यात पानं आंबवून पचवायची. त्याला वेळ लागतो, म्हणून साहेब तासन् तास बसलेले. माकड हा हातचलाख धाकटा, वानर हा जेवून सुस्तावलेला काका, एवढं स्वभावाचं सूत्र मला पुरलं.

दिसायला रुपेरी अंग, काळं तोंड, आणि भुवयांचे केस छज्जासारखे पुढं आलेले. काळ्या तोंडानं मला रडवलं. छापताना शाई पसरते आणि डोळे, ओठ, हावभाव सगळं त्यात बुडतं. शेवटी तोंडाला काळा न भरता राखाडी रेघा मारल्या, डोळ्यांभोवती पांढरी कड ठेवली आणि रागलोभ भुवयांवर सोपवले. भुवया उचलल्या की आश्चर्य, खाली ओढल्या की जांभई.

पिल्लाच्या बाबतीत तर मी सपशेल फसले. वानरीचं चित्र लहान करून पिल्लू काढलं. प्रत्यक्षात उलटं असतं: तान्ह्या पिल्लाचं अंग काळपट आणि तोंड फिकं, नंतर हळूहळू अदलाबदल. कळपातल्या माद्या त्याला एकमेकींकडून ओढून घेतात, मावश्यांनी बारशाला बाळ फिरवावं तसं. अंग काळपट असल्यामुळं आईच्या रुपेरी छातीवर तो काळा ठिपका लहान चौकटीतही उठून दिसतो.

शेपटीचंही सांगते. वानर फांदीवर बसला की ती सरळ खाली लोंबते. चौकटीची खालची रेघ ओलांडून पुढच्या चित्रात सोडायला झकास. पण दोघांपैकी कुणालाही शेपटीनं लटकवू नका. तसं लटकणारी माकडं अमेरिका खंडातली. भीमगडच्या जंगलात तसलं कुणी नाही.

दुसऱ्या खेपेला दोघं अंगठ्याएवढे काढून पूर्ण काळे भरले, नुसत्या सावल्या. भाचीनं लगेच बोट ठेवलं: हे माकड, हा वानर. मग पट्टी वाचली. शेवटच्या चौकटीत वानरकाका कुंद्याचा, म्हणजे बेळगावी मिठाईचा, डबा पळवून गाल फुगवून बसलेले.

"गाल कशाला फुगवलास त्याचा?" ती म्हणाली. "कुंदा माकडाला दे की. ह्याला वडाची पानं काढ."