कोणत्या जयकेशीचे नाणे?

गोव्यात ‘कदंब’ची वाट पाहणारा माणूस बसथांब्यावर उभा असतो. ज्या घराण्याचे नाव या सरकारी गाड्यांना मिळाले, त्याची गद्याण नावाची सोन्याची नाणी मात्र नाणेतज्ज्ञांमध्ये अजून वाद लावून देतात: नाणे कोणत्या जयकेशी राजाचे?.

अकराव्या शतकात कदंबांनी चांदोरहून गोपकपट्टणाला, म्हणजे जुवारीकाठच्या आजच्या थोरल्या गोव्याला, बस्तान हलवले. बंदर तेजीत होते. अरब व्यापारी इथे नुसते येऊन-जाऊन नव्हते; त्यांच्यातल्याच एका घराण्याचा माणूस पहिल्या जयकेशीचा मंत्री होता, आणि १०५३च्या ताम्रपटात मशिदीच्या खर्चाची तरतूद आहे. अशा दरबाराला स्वतःचे सोन्याचे नाणे हवेसे वाटले, यात नवल नाही.

गद्याण चार ग्रॅमच्या थोडे वर. एका अंगाला पंजा उचललेला, शेपटी पाठीवर वळवलेला सिंह. दुसऱ्या अंगाला नागरी ओळी: ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’, म्हणजे सप्तकोटीश्वर देवाच्या वराचा प्रसाद लाभलेला, पुढे राजाचे नाव आणि कधी ‘मलवरमारि’ हे कानडी बिरुद, म्हणजे डोंगरी सरदारांचा कर्दनकाळ. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक एकाच बाजूने ठसे मारलेले, वाटीसारखे खोलगट. त्यापुढे हे काम फारच देखणे. (यादवप्रेमींनी रागावू नये.)

सिंहापाशी संवत्सराचे नावही असते. मग वाद कसला? नाव आहे, शक नाही. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांनी फिरून तिथेच येते, आणि जयकेशी तर तीन झाले. दुसरा साधारण ११०४ ते ११४७, तिसरा ११८७ ते १२१२. समजा, नाण्यावर ‘साधारण’ हे संवत्सराचे नाव वाचले. ते ११३० असेल किंवा ११९०, आणि दोन्ही वर्षी गादीवर जयकेशीच! तेव्हा अक्षरांचे वळण आणि सिंहाची घडण पाहून ठरवावे लागते. शिवचित्त परमाडी या कदंब राजाच्या नाण्यांना निदान हा त्रास नाही.

नाण्यावरचा सप्तकोटीश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर तो नदीपलीकडे नार्व्याला गेला. तिथे शिवाजी महाराजांनी नव्या देवळाचे काम सुरू केले. दारावरच्या शिलालेखात तारीख आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. शकही आणि संवत्सरही.