पार्श्वभूमी : सर्पगंधा म्हणजे नेमकी कोणती?

१९४९ साली हृदयरोगावरच्या एका ब्रिटिश नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरचा सहा पानी लेख आला. रुग्ण पन्नास, तक्रार वाढलेल्या रक्तदाबाची, औषध एका झुडपाच्या मुळाच्या गोळ्यांचं. आज रोपवाटिकेत सर्पगंधेच्या कुंडीला 'बीपीवर गुणकारी' अशी चिठ्ठी लावलेली दिसते, तिचा माग काढत गेलं तर आपण बहुतेक वेळा याच सहा पानांपाशी येऊन थांबतो.

खरं तर तो पहिला लेख नव्हता. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या दोन डॉक्टरांनी याच मुळाची भुकटी वापरून 'वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर नवं भारतीय औषध' अशा अर्थाच्या मथळ्याखाली आपले अनुभव छापले होते. वीस-तीस ग्रेन (साधारण दीड-दोन ग्रॅम) भुकटी दिवसातून दोनदा दिली की रक्तदाब उतरतो आणि आक्रस्ताळा रुग्ण शांत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी दिल्लीच्या एका तिब्बी (युनानी) महाविद्यालयातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून पाच अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतीतली औषधी गुणाची द्रव्यं, वेगळी काढली. त्यातल्या तिघांना त्यांनी संस्थेच्या दिवंगत हकीम अजमल खानांचं नाव दिलं, म्हणून आजही हृदयाच्या ठोक्यांच्या एका औषधाला 'अजमलिन' म्हणतात. १९३४ मध्ये एका देशी कंपनीनं या मुळाची गोळीही बाजारात आणली. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना हे मूळ चारताना पाहिलं आणि कल्पना सुचली, अशी त्या कंपनीची कथा आहे. कथा म्हणूनच ती घ्यावी.

एवढं सगळं होऊनही अठरा वर्षं बाहेरच्या जगानं दखल घेतली नाही. कलकत्त्याचा लेख इंग्रजीतच होता. कमी पडला तो पत्ता. मुंबईचा लेख ब्रिटनमध्ये छापून आला आणि वर्षभरातच बोस्टनमध्ये हे मूळ मागवून रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळातला मुख्य घटक हाती लागला. त्याचं नाव 'रिसर्पिन'. १९५४ पर्यंत न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात तो दिला जाऊ लागला. १९५६ मध्ये अमेरिकेत तो पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवून दाखवला गेला, आणि १९५७ मध्ये मुंबईच्या त्या डॉक्टरला अमेरिकेतला एक मोठा वैद्यकीय पुरस्कार मिळाला. 'रिसर्पिनचा शोध बाझलला लागला' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत ठरलेलं असतं. रेणूपुरतं ते बरोबर आहे. पण रेणू कुठल्या मुळात शोधायचा आणि कशासाठी, हे तोवर कलकत्ता-मुंबईत ठरून गेलं होतं, आणि ते वाक्य लिहिणारे एवढी एक ओळ का जोडत नाहीत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

रिसर्पिननं मेंदूच्या अभ्यासाला जे दिलं ते औषधापेक्षा मोठं ठरलं. १९५५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना दिसलं की या औषधानं शरीरातला सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूतल्या एका निरोप्या रसायनाचा, साठा रिकामा होतो. स्वीडनमध्ये रिसर्पिन टोचलेले ससे दगडासारखे निश्चल पडले, ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते एल-डोपा देताच उठून हालचाल करू लागले. त्यातून डोपामिनचं महत्त्व कळलं, कंपवाताच्या उपचाराची दिशा सापडली, आणि त्या कामाला २००० साली नोबेल मिळालं. इतक्या लांबच्या गोष्टीचं एक टोक आपल्याकडच्या गुडघ्याएवढ्या झुडपाला बांधलेलं आहे.

आता या टिपणाचं खरं कारण. 'सर्पगंधा' हे नाव.

कोकणातल्या माणसाला हे झुडूप 'हरकई', 'हरकाय' अशा नावांनी ठाऊक होतं. बंगालीत ते 'चंद्रा', हिंदी पट्ट्यात 'छोटा चाँद', बिहारच्या बाजारात सरळ 'पागल की दवा'. यातली किती नावं सापाशी जोडलेली आहेत? एकही नाही. उलट, संस्कृत ग्रंथांत 'सर्पगंधा' आणि 'नाकुली' ही नावं येतात तेव्हा त्यांची संगत विषाशी असते. निघंटूंत, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांत, नाकुलीला 'नकुलेष्टा' म्हटलं आहे, म्हणजे मुंगसाला प्रिय. 'विषनाशिनी'ही म्हटलं आहे. रक्तदाब सोडा, उन्मादावरचं खास औषध म्हणूनही ही नाकुली पुढे येत नाही. मग ग्रंथातली नाकुली हीच आजची सर्पगंधा कशावरून? वैद्यांमध्ये यावर कधीच एकमत नव्हतं. सापाशी लढणारं मुंगूस हेच मूळ खातं, ही गोष्ट सापसण (ईश्वरी) या निराळ्या वेलीबद्दल सांगतात आणि सर्पाक्षी या आणखी एका वनस्पतीबद्दलही सांगतात. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या एका पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकात 'सापाचं लाकूड' म्हणून तीन वेगवेगळ्या वनस्पती आहेत, आणि नागाशी लढणारं मुंगूसही आहे. त्या तिघांपैकी एक म्हणजे आपली सर्पगंधा, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीही हे नाव एका झाडाचं नव्हतं, एका कामाचं होतं. सापावर चालणारं जे मूळ, ते सापाचं.

'गंध' शब्दानं घोळ आणखी वाढवला. सुकं मूळ नाकाशी धरून बघा, वास जवळपास नाहीच. जिभेवर ठेवलं तर मात्र कडूजहर. तेव्हा नावाची फोड 'सापासारखा वास असलेली' अशी करण्यात अर्थ नाही. संस्कृत फोडीत 'सापांना पीडा देणारी' असा अर्थ काढतात, आणि त्यावरूनच 'दारात लावली की साप फिरकत नाही' ही समजूत घट्ट झाली असावी. झुडूप कुंडीत उभं आहे, मूळ मातीखाली आहे, आणि वास नाही. सापानं नेमकं कशाला घाबरायचं?

शास्त्रीय नावही सरळ नाही. 'राउवोल्फिया' हे नाव सोळाव्या शतकातल्या एका जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेलं. तो बगदादपर्यंत हिंडला, भारतात कधी आला नाही, हे झुडूप त्यानं पाहिलंच नाही. शिवाय नाव देणाऱ्यानं ते दिलं अमेरिकेतल्या झाडांना. आपलं झुडूप त्या गोतात फार नंतर ओढलं गेलं.

आणि याच अमेरिकी गोतातली एक बाई आपल्या बांधावर येऊन बसली आहे. राउवोल्फिया टेट्राफिला. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, आता महाराष्ट्रात रस्त्याकडेला, पडीक रानात, गावकुसाला सहज उगवते. हिंदी पट्ट्यात तिला 'बडा चाँद' म्हणतात, आणि आपल्याकडच्या कित्येक रोपवाटिकांत 'सर्पगंधा' म्हणून हीच विकली जाते. मीही दोन वर्षं एक झाड कौतुकानं वाढवलं. फळं हिरव्याची लालभडक झाली तेव्हा शंका आली. एका जाणत्यानं पेरं दाखवून विचारलं, "पानं मोजलीस का?" एका पेराला चार पानं होती, दोन मोठी, दोन लहान. खऱ्या सर्पगंधेला बहुधा तीन असतात. तिच्या फुलांचे देठ लालबुंद, वर पांढरी-गुलाबी फुलांची जुडी, आणि फळ पिकून जांभळट काळं होतं. टेट्राफिलाची फुलं बारीक, हिरवट पांढरी, लक्षही न जाणारी. तिच्या मुळातही रिसर्पिन असतं, म्हणून 'चालतंय की' म्हणणारे भेटतात. पण घटकांचं प्रमाण वेगळं, मूळ वेगळं, आणि सर्पगंधेच्या मात्रेचा हिशोब तिला लावता येत नाही.

गोळी तयार करणाऱ्यांना हा फरक फार आधी कळला होता. १९५० च्या दशकाच्या मध्याला भारतानं कच्च्या मुळाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. परदेशी कंपन्यांनी लगेच आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. काँगोच्या बाजूला होणारी राउवोल्फिया व्होमिटोरिया आकारानं मोठी, मुळाच्या सालीत रिसर्पिनही जास्त. पुढची कित्येक वर्षं जगातलं बरंचसं रिसर्पिन या आफ्रिकी झाडातून निघालं. निर्बंधांमुळे आपलं रान वाचलं असं म्हणता येतं, आणि बाजार गेला असंही म्हणता येतं. मला वाटतं, तेव्हाच लागवडीला जोर दिला असता तर दोन्ही हाती राहिलं असतं. पण तेव्हा सगळा माल रानातून खणून येत होता, आणि मूळ खणलं की झाड संपतं.

लागवड कठीण नाही, चिवट आहे. बी पाण्यात टाकून तरंगणारं फेकून द्यावं लागतं, तरी बुडालेल्यातलंही निम्मंअधिक रुजत नाही. म्हणून खोडाचे फाटे लावायचा मोह होतो. फाटे जगतात, पण मूळ धरत नाहीत म्हटलं तरी चालेल. बियाच्या रोपांपासून हेक्टरी हजार किलोवर सुकं मूळ मिळू शकतं, फाट्यांपासून त्याच्या पाव हिश्शाएवढंही नाही. रोपं पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर काढणी पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, पानं झडल्यावर, साधारण अठरा महिन्यांनी. मुळं धुताना साल खरवडली तर कष्ट पाण्यात जातात, कारण अल्कलॉइडांचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग सालीतच असतो.

वापराकडे परत येऊ. पन्नाशीच्या दशकात मनोरुग्णांना रिसर्पिन रोज काही मिलिग्रॅम दिलं जाई. रक्तदाबाला पाव मिलिग्रॅमही पुरतं. मोठ्या मात्रेच्या त्या काळातच काही रुग्ण खोल उदासीनतेत गेल्याच्या नोंदी आल्या आणि औषधाला डाग लागला. तो डाग कितपत खरा, यावर आजही वाद आहे. मग सप्टेंबर १९७४ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकानं बोस्टन, ब्रिटन आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास एकदम छापले. रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, असा त्यांचा सूर होता. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. पण नवी औषधं आली होतीच, डॉक्टर तिकडे वळले. गंमत म्हणजे वनौषधीवाल्यांच्या जाहिरातींत हा सगळा अध्यायच नसतो. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणत मुळाची भुकटी विकली जाते, आणि एका पुडीत रिसर्पिन किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्या भागातली जुनी नोंद मात्र निराळीच आहे. १८९० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या औषधींवर लिहिलेल्या एका ग्रंथात म्हटलं आहे की दक्षिण कोकणातून मुंबईत आलेले बहुतेक मजूर या मुळाचा छोटा साठा जवळ बाळगतात, पोटदुखीवर. कोकणात ते सापसणीबरोबर पटकीवर देत, आणि कुडा व मोगली एरंडाच्या मुळांबरोबर दुधातून पोटशुळावर. गिरणगावातल्या खोलीत, फळीवरच्या डब्यात हरकईचं मूळ होतं ते पोटासाठी. रक्तदाब मोजायचं आजच्यासारखं यंत्रच तेव्हा वापरात नव्हतं.

१९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, आणि त्याच दशकात भारतानं रानातल्या मुळाची निर्यात बंद केली. लागवडीचा माल जाऊ शकतो, तोही वनखात्याच्या दाखल्यासह. किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या तयार गोळ्यांना आंतरराष्ट्रीय यादीत सवलत आहे. आफ्रिकी मूळ मिसळलं असेल तर ते पकडता येतं, कारण त्याच्या सालीत दगडी पेशी (जाड, कठीण भिंतीच्या) असतात आणि सर्पगंधेच्या सालीत नसतात. पण सुकलेला तुकडा आंबोलीच्या रानातून खणलेला की कुणाच्या वाफ्यातून काढलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते फक्त दाखल्यावर लिहिलेलं असतं.