अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावरील चिकित्सालयीन चाचण्यांतील सहभाग

अष्ठीला ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगावरील नवे औषध, शस्त्रक्रिया वा प्रारणोपचार (रेडिएशन) पारखण्यासाठी रुग्णाने स्वेच्छेने व लेखी संमतीने संशोधनात सामील होणे.

या चाचण्यांचा आरंभ कोठून मानावा, याबाबत एकमत नाही. अनेक लेखक चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांच्या १९४१ मधील कार्यापासून सुरुवात करतात. वृषणे काढल्यावर किंवा स्त्रीहॉर्मोन दिल्यावर पसरलेल्या कर्करोगातील रक्तरसातील अम्ल फॉस्फेटेज (या रोगात वाढणारे एक एंझाइम) घटते, असे त्यांना आढळले; हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी यदृच्छेने (चिठ्ठ्या टाकाव्यात तसा) निवडलेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे आजच्या अर्थाने आरंभ म्हणून अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सुमारे १९६० पासून झालेल्या सहकारी चाचण्यांकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल (कृत्रिम स्त्रीहॉर्मोन) रोज ५ मिग्रॅ. घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढल्याने एकूण आयुर्मानात लाभ दिसला नाही. पुढच्या चाचणीत १ मिग्रॅ. मात्रा कर्करोगावर जवळपास तितकीच परिणामकारक ठरली. तुलनेचा गट नसता, तर हा धोका बहुधा वृद्धापकाळाच्या खाती जमा झाला असता. रक्तातील पीएसए (अष्ठीला ग्रंथीत तयार होणारे, या कर्करोगात सहसा वाढणारे प्रथिन) उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे, हा आजचा आग्रहही याच जातीचा.

पहिल्या टप्प्यात सुरक्षित मात्रा, दुसऱ्यात परिणामाची चिन्हे आणि तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना पाहतात. प्रवेशाच्या अटींत रोगाची अवस्था, आधीचे उपचार, पीएसए, टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि दैनंदिन कार्यक्षमता येतात. कोणता गट मिळणार हे रुग्ण किंवा डॉक्टर ठरवत नाहीत. छद्मौषध (औषधी गुण नसलेली, औषधासारखी दिसणारी गोळी; प्लासिबो) वापरले, तरी परिणामकारक प्रचलित उपचार सहसा चालू ठेवूनच ते दिले जाते. कोणत्याही वेळी कारण न देता बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

सहभागाचा सर्वांत बोधक अभ्यास ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत झाला. तीत ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, प्रारणोपचार आणि देखरेख यांची तुलना होती. सुरुवातीला यदृच्छ निवडीला ३०–४० टक्केच पुरुष राजी होत. संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांतून असे दिसले, की ‘नुसती वाट पाहणे’ या अर्थाचा शब्दप्रयोग रुग्णांना ‘काहीच करणार नाहीत’ असा ऐकू येई. त्याजागी ‘सक्रिय देखरेख’ म्हटल्यावर, तिन्ही पर्याय सारख्याच तोलाने मांडल्यावर व कोणता सरस हे ठाऊक नाही हे उघड सांगितल्यावर वर्षभरात प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. अखेर १,६४३ पुरुष यदृच्छ विभागणीत आले. सुमारे १५ वर्षांनंतर (२०२३) तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास होते. हे सुधारित शब्दांकन म्हणजे मन वळवणे की माहिती देणे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. पण अनिश्चिततेची कबुलीही त्यातच असल्याने ते माहितीच्या बाजूचे मानणे योग्य दिसते.

ब्रिटनमध्ये २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत एकाच तुलनागटासमोर अनेक उपचार पारखले गेले. निष्फळ शाखा मध्येच बंद होत आणि नव्या जोडल्या जात. एकूण चाचण्यांत वृद्ध व कृष्णवर्णीय पुरुषांचा सहभाग मात्र त्यांच्यातील रोगाच्या प्रमाणाच्या मानाने तोकडा राहिला आहे.