अलाबामातल्या हक्कफेऱ्या: आधी नकोसा, मग तिकिटाचा इतिहास

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागा दाखवणाऱ्या पर्यटन-फेऱ्या हा आता रीतसर धंदा आहे. माँटगमेरी, बर्मिंगहॅम, सेल्मा, मेम्फिस, कुठेही जा, गाईड मिळतो आणि बसही मिळते. २०१८ च्या जानेवारीत दक्षिणेतल्या राज्यांच्या पर्यटन खात्यांनी एकत्र येऊन शंभरावर स्थळांचा मार्गच जाहीर केला. त्यामुळे सरकारांना इतिहासाची जाण आली आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं, असा समज होतो. तसं झालेलं नाही. जागा जपल्या त्या चर्चच्या मंडळींनी आणि लढ्यात स्वतः उतरलेल्या माणसांनी. सरकार बऱ्याच उशिरा आलं, तेही काळ्यांची मतं मोजावी लागू लागली आणि पर्यटकांचा पैसा दिसू लागला तेव्हा.

काळ्या प्रवाशासाठी मार्गदर्शिका ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची आहे, पण तिचा हेतू वेगळा होता. हार्लेममधला टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. काळ्या माणसाला कोणत्या गावात खोली मिळेल, कुठे जेवायला बसू देतील, केस कुठे कापून मिळतील, याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेदभाव बेकायदा ठरला आणि थोड्याच वर्षांत पुस्तिका बंद पडली. तिच्या यादीतल्या काही जागा आज पर्यटनस्थळं आहेत. मेम्फिसचं लॉरेन मोटेल त्यातलंच. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या तिथल्या बाल्कनीत झाली आणि १९९१ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. त्यासाठी १९८८ मध्ये मोटेलमधल्या शेवटच्या भाडेकरू बाईंना बाहेर काढलं गेलं. त्या समोरच्या फुटपाथवर बसल्या आणि वर्षानुवर्षं बसून राहिल्या. हा पैसा गरिबांच्या घरांवर खर्च करा, किंग यांना तेच आवडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते खोडून काढता येत नाही.

या फेऱ्यांचं मर्म समजायला अलाबामाची राजधानी माँटगमेरी इथला डेक्स्टर अव्हेन्यू हा रस्ता पुरतो. खालच्या टोकाला कोर्ट स्क्वेअर, वरच्या टोकाला राज्याचं कॅपिटॉल म्हणजे विधानभवन, मधलं अंतर किलोमीटरच्याही आत. कोर्ट स्क्वेअरला एके काळी गुलामांचा लिलाव होत असे. तिथल्याच एका इमारतीतून एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावरच्या हल्ल्याबद्दलची तार गेली आणि गुलामगिरीवाली दक्षिण विरुद्ध उत्तर असं यादवी युद्ध पेटलं. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या त्याही याच चौकात; गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली आणि काळ्यांनी शहराच्या बसवर बहिष्कार घातला. वर कॅपिटॉलपाशी जेफरसन डेव्हिस याने गुलामगिरीवाल्या राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती. तिथून हाकेच्या अंतरावरच्या चर्चचे किंग १९५४ पासून पाद्री होते. २५ मार्च १९६५ ला सेल्माहून मतदानाच्या हक्कासाठी चालत आलेला मोर्चा याच रस्त्याने कॅपिटॉलसमोर पोचला. गाईडला फारसं चालवावं लागत नाही, बोलावं मात्र भरपूर लागतं.

बोलण्यातही फरक पडला आहे. कामावरून दमून आलेली शिवणकाम करणारी बाई जागेवरून उठली नाही, ही पार्क्सबाईंची पाठ्यपुस्तकी गोष्ट पूर्वी खपायची. प्रत्यक्षात त्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कॉल्विन ही १५ वर्षांची मुलगी याच कारणासाठी पकडली गेली होती. पार्क्सबाईंच्या अटकेच्या रात्री कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्याच यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल केली. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी कोर्टात साक्ष दिली आणि नोकरी गमावली. मग घरीच डबे आणि केक करून विकले आणि तो पैसा बहिष्कारवाल्यांच्या गाड्यांच्या पेट्रोलला दिला. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार भाषणांपेक्षा अशा उठाठेवींवर जास्त चालला, असं माझं मत आहे. नव्या फेऱ्या हे सांगतात, हे बरं झालं.

किंग राहायचे ते जॅक्सन स्ट्रीटवरचं घरही दाखवतात. ३० जानेवारी १९५६ ला तिथे बाँब फुटला. किंग सभेला गेले होते, पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरात होती. दोघी वाचल्या. पोर्चच्या काँक्रीटमधला खळगा अजून तसाच आहे. आत स्वयंपाकघरातलं टेबल आहे. या स्फोटाच्या तीन दिवस आधी धमकीचा फोन आल्यावर किंग मध्यरात्री कॉफी करून इथे बसले होते. गाईड इथे आवाज खाली आणतात, थोडं नाटकीच वाटतं. (बहिष्कार जिंकल्यावर १९५९ मध्ये किंग स्वतःच भारतात महिनाभर गांधीजींच्या जागा पाहत हिंडले. मुंबईत मणिभवनात राहिले.)

माँटगमेरी मात्र बराच काळ स्वतःला यादवीतल्या दक्षिणेची पहिली राजधानी म्हणूनच मिरवत होतं. पाहुण्यांना डेव्हिसचं घर दाखवायचं, चर्च नाही. मग १९८३ मध्ये अलाबामाने काळ्या वारशाची पर्यटन-पुस्तिका छापली, असं करणारं ते पहिलं राज्य मानलं जातं. तेव्हा गव्हर्नर कोण? जॉर्ज वॉलेस! वंशभेद कायम राहील अशी गर्जना १९६३ मध्ये याच कॅपिटॉलपुढे करणारा. १९६५ च्या मतदान कायद्यानंतर काळ्यांची मतं वाढली होती आणि १९८२ ची निवडणूक त्याने त्या मतांच्या आधारावर जिंकली होती.

बर्मिंगहॅममध्येही गाडी मतांवरच अडली. १९६३ मध्ये केली इंग्रम पार्कपाशी पोलिसांनी शाळकरी मुलांवर कुत्रे सोडले, पाण्याचे फवारे मारले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला समोरच्या चर्चमधल्या स्फोटात चार मुली गेल्या. पहिल्या आरोपीला शिक्षा व्हायला १९७७ उजाडलं, शेवटच्याला २००२. शहराचे पहिले काळे महापौर रिचर्ड अॅरिंग्टन यांनी संग्रहालयाचा ध्यास घेतला, पण मतदारांनी कर्जरोख्यांचा प्रस्ताव दोनदा फेटाळला. अखेर दुसरीकडून पैसा उभा करून १९९२ मध्ये ते उघडलं. आता पार्कात पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी कुत्रे अंगावर येतात, मधून चालावं लागतं.

माँटगमेरीचा नकाशा खऱ्या अर्थाने बदलला तो २०१८ च्या एप्रिलमध्ये, तोही एका खासगी कायदेसंस्थेमुळे. झुंडीने मारलेल्या ४,४०० हून अधिक माणसांचं स्मारक तिने उभारलं. आठशेवर पोलादी खांब, प्रत्येक काउंटीचा (जिल्ह्याचा) एक. सुरुवातीला ते डोळ्यांच्या पातळीवर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले राहतात. हे पाहायला आलेल्या माणसांनी हॉटेलं भरली, नव्या फेऱ्या निघाल्या. राज्य मात्र अजूनही किंग आणि यादवीतला दक्षिणेचा सेनापती ली यांची जयंती एकाच सोमवारी, एकाच सुट्टीत साजरी करतं.

आता अडचण आहे ती सांगणाऱ्यांची. सुरुवातीचे कितीतरी गाईड स्वतः मोर्चात चाललेले होते. पाण्याचा फवारा अंगावर कसा लागतो हे विचारलं तर बाही वर करून दाखवता येईल अशी ही माणसं. १९६३ मध्ये रस्त्यावर उतरलेली बर्मिंगहॅमची मुलं आज सत्तरीत आहेत, काही ऐंशीला टेकली. तिथल्या संग्रहालयाने अशा शेकडो जणांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. पुढच्या गाईडांच्या हाताशी मुख्यतः त्याच असतील.