दाहडी बंद आहे म्हणजे नक्की काय बंद आहे?

सोमवारी सकाळी पावणेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, दाहडी बंद पडलीय. एकही लाइन लागत नाहीये."

"कुठली दाहडी?"

"कुठली म्हणजे? एकच असते ना?"

भाचा वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कारखान्यात संगणक सांभाळतो. तिथे अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज आहे, त्याच्या मशीनमध्ये जुनं ई-वन कार्ड, आणि कार्डात पीआरआय लाइन, म्हणजे एकाच तारेवर तीस कॉल नेणारी टेलिफोन कंपनीची लाइन. इंटरनेटवरची लाइन स्वस्त पडेल हे मालकांनाही कळतं, पण ०२६५ ने सुरू होणारा तो नंबर वर्षानुवर्षं बिलांवर, खोक्यांवर, गिऱ्हाइकांच्या वह्यांमध्ये छापलेला आहे. म्हणून कार्ड जिवंत ठेवायचं.

तर दाहडी, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, एक नसते. एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात, दोघींनाही 'ड्रायव्हर' म्हणतात, आणि दोघींची आपापली कॉन्फिग फाइल असते. एक लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) बसते, दुसरी अ‍ॅस्टरिस्कच्या आत. एकीचा बिघाड दुसरीत शोधत बसलं की सकाळ गेलीच म्हणून समजा.

नावाचा घोळ जुना आहे. जिम डिक्सन यांनी झापाटा टेलिफोनी नावाचा प्रकल्प सुरू केला. नाव घेतलं मेक्सिकोच्या एमिलियानो झापाटा या क्रांतिकारकावरून. त्यातून कर्नलच्या ड्रायव्हरला झॅपटेल नाव पडलं. पुढे झॅपटेल हा दुसऱ्याच एका कॉलिंग कार्ड विकणाऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघाला, म्हणून २००८ मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या डिजियम कंपनीने नाव बदलून 'डिजियम/अ‍ॅस्टरिस्क हार्डवेअर डिव्हाइस इंटरफेस' केलं. त्याची आद्याक्षरं म्हणजे दाहडी. (आमच्याकडे वायरमन सरळ 'दाढी' म्हणतात. गुजरातीतही दाढीला दाढीच म्हणत असल्यामुळे विनोद दोन्ही भाषांत चालतो.) जुन्या माहितीपत्रकात झॅपटेल डॉट कॉन्फ दिसलं तर आज ती सिस्टम डॉट कॉन्फ, आणि झापाटा डॉट कॉन्फ दिसलं तर आज ती चॅन_दाहडी डॉट कॉन्फ. म्हणजे नाव बदलायच्या आधीही दोघींची नावं जुळ्या बहिणींसारखीच होती.

आधी खालची. कर्नलमधली दाहडी म्हणजे डॉट केओ शेपटाची मोड्यूलं. एक सगळ्यांना सामाईक, 'दाहडी' नावाचंच, आणि शिवाय ज्या त्या कार्डाचं वेगळं: चार पोर्टच्या जुन्या डिजियम कार्डांना डब्ल्यूसीटी४एक्सएक्सपी, एका पोर्टच्या टीई१२० घराण्याला डब्ल्यूसीटीई१२एक्सपी. या दाहडीला फोन कॉल म्हणजे काय हे माहीतच नाही. तिला दिसतात ते बिट. ई-वन तारेवर सेकंदाला २०,४८,००० बिट येतात; त्यांचे ६४ किलोबिटचे ३२ कप्पे. शून्याव्या कप्प्यात चौकट जुळवायच्या खुणा, सोळाव्यात सिग्नलिंग, उरलेल्या ३० मध्ये आवाज. जुनी कार्डं यासाठी सेकंदाला १,००० वेळा प्रोसेसरचं दार ठोठावतात आणि दर खेपेला प्रत्येक चॅनलचे आठ नमुने देऊन-घेऊन जातात.

तिची फाइल ईटीसी/दाहडी या फोल्डरात. आपल्याकडच्या पीआरआयसाठी त्यात महत्त्वाच्या ओळी तीनच (फाइलीत अर्थात रोमन अक्षरांतच लिहायच्या):

स्पॅन=१,१,०,सीसीएस,एचडीबी३,सीआरसी४
बीचॅन=१-१५,१७-३१
डीचॅन=१६

पहिल्या ओळीतला दुसरा १ लोक न बघता नकलून घेतात, आणि बहुतेक रडगाणी तिथूनच सुरू होतात. पहिला आकडा स्पॅनचा (म्हणजे कार्डाला लागलेल्या एका ई-वन तारेचा) क्रमांक, दुसरा घड्याळाचा. १ म्हणजे 'ठेका समोरच्याकडून घ्या, हाच मुख्य'. ० म्हणजे 'समोरून ठेका घेऊ नका'. टेलिफोन कंपनीच्या लाइनला ० लिहिलं तर दोन तबलजी आपापल्या लयीत वाजवतात. थोडा वेळ जमल्यासारखं वाटतं, मग अधूनमधून मात्रा निसटते. बोलताना ते कानाला कळतही नाही. फॅक्स मात्र अर्ध्यात तुटतो.

तिसरा आकडा तारेच्या लांबीचा, तो इथे शून्य चालतो. सीआरसी४ (चुका पकडायची तपासणी) ठेवायचं की नाही हे आपल्या मर्जीवर नसतं. लाइन देणाऱ्याने पलीकडे जे ठेवलं असेल तेच.

या फाइलीच्याही खाली एक गोष्ट आहे, ती म्हणजे कार्डावरचा जंपर, ई-वन की टी-वन ते ठरवणारी चिमुकली खिटी. अमेरिकेत टी-वन चालतं, त्यात आवाजाचे २४ कप्पे. जंपर टी-वनवर राहिला तर कार्ड ३१ ऐवजी २४ चॅनल दाखवतं. एकच पोर्ट असेल तर चूक लगेच दिसते, कारण चोवीसच्या पुढचे सात चॅनल गायब होतात. पण चार पोर्टच्या कार्डात पहिल्याचा जंपर चुकला की पुढचे सगळे आकडे सरकतात: दुसरा स्पॅन ३२ पासून ६२ पर्यंत असायला हवा, त्याचं सिग्नलिंग ४७ वर, तो सुरू होतो २५ पासून. नव्या कार्डांत जंपरचं काम मोड्यूलला दिलेल्या पॅरामीटरने होतं. ही सोय आहे, पण जंपर उघडून डोळ्यांनी बघता यायचा, ते गेलं.

आता वरची. चॅन_दाहडी हे अ‍ॅस्टरिस्कचं मोड्यूल, शेपूट डॉट एसओ. हिला बिटांशी घेणं नाही. हिला कॉल कळतात. कोणी केला, कुठल्या नंबरवर आला, कुठल्या डायल प्लॅनमध्ये (कॉलचं पुढे काय करायचं त्या नियमांत) सोडायचा. सोळाव्या कप्प्यातून एक्स्चेंजशी होणारा संवाद ती लिबपीआरआय नावाच्या लायब्ररीकडून वाचून घेते. इथे एक फसवी जागा आहे. अ‍ॅस्टरिस्क कंपाइल करताना लिबपीआरआय मशीनवर नसेल तर चॅन_दाहडी तयार होते, लोडही होते, फक्त तिला पीआरआय येत नाही, आणि 'पीआरआय शो स्पॅन्स' टाइप केलं की अशी आज्ञाच नाही असं उत्तर येतं. म्हणून बांधकामाचा क्रम मोडायचा नाही: आधी दाहडी-लिनक्स, मग दाहडी-टूल्स, मग लिबपीआरआय, शेवटी अ‍ॅस्टरिस्क.

वरची फाइल ईटीसी/अ‍ॅस्टरिस्क या फोल्डरात. तीत स्विचटाइप=युरोआयएसडीएन, सिग्नलिंग=पीआरआय_सीपीई, ग्रुप, कॉन्टेक्स्ट, आणि सगळ्यात शेवटी चॅनल => १-१५,१७-३१. 'शेवटी' हा शब्द महत्त्वाचा. ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि 'चॅनल' ही ओळ तोवर सांगितलेलं सगळं उचलते. तिच्याखाली लिहिलेलं त्या चॅनलांना लागू होत नाही. नवं सेटिंग फाइलीच्या तळाला चिकटवायची आपली जी सवय असते, ती इथे नडते.

१-१५,१७-३१ हा आकडा दोन्ही फाइलींत येतो, आणि गोंधळ मुख्यतः त्याच्यामुळे होतो. तीच गोष्ट दोनदा लिहिल्यासारखी वाटते. खालची ओळ कर्नलला सांगते की हे कप्पे आवाजाचे आहेत. वरची अ‍ॅस्टरिस्कला सांगते की हे तुझ्या ताब्यात घे. खाली न सांगितलेला चॅनल वर मागितला तर अ‍ॅस्टरिस्क तक्रार करतं. खाली सांगितला आणि वर मागितलाच नाही, तर कोणीच काही बोलत नाही, ती लाइन नुसती पडून राहते.

'लाइन बंद' याचेही दोन अर्थ होतात. खाली असतात अलार्म: लाल म्हणजे आपल्याला समोरचं ऐकू येत नाही, पिवळा म्हणजे समोरच्याला आपलं ऐकू येत नाही, निळा म्हणजे समोरून नुसते '१' चेच बिट येतायत, मधलं कुठलं तरी यंत्र तार जिवंत ठेवून बसलंय. हे दाहडी_टूलमध्ये दिसतात. वर असतं डी-चॅनल (तो सोळावा, सिग्नलिंगचा कप्पा) अप की डाउन, ते 'पीआरआय शो स्पॅन्स'मध्ये. खाली लाल असेल तर वर डाउन असणारच. खाली हिरवं असूनही वर डाउन असू शकतं.

अ‍ॅस्टरिस्कच्या पडद्यावर 'एचडीएलसी अबॉर्ट' किंवा 'बॅड एफसीएस' असे, डी-चॅनलवरचे निरोप खराब येत असल्याचे इशारे येऊ लागले की माणूस साहजिकच अ‍ॅस्टरिस्कची फाइल उघडतो. बोंब वरच्या दाहडीने मारलेली असते, पण दुखणं बहुतेक वेळा खालचं निघतं: घड्याळाचा तो आकडा, ढिला कनेक्टर, किंवा कार्डाचं दार ठोठावणं वेळेवर न ऐकणारं मशीन. दाहडी_टेस्ट चालवून बघा, ते कार्डाच्या ठोक्यांची अचूकता मोजतं. टक्केवारी ९९.९८ च्या खाली घसरत असेल तर वरच्या फाइलीला हात लावू नका.

भाच्याकडे काय झालं होतं? रविवारी रात्री वीज गेली, यूपीएस संपला, मशीन पुन्हा सुरू झालं ते नव्या कर्नलवर. तो कर्नल मागच्याच महिन्यात आपोआप येऊन बसला होता आणि रीस्टार्टची वाट बघत होता. दाहडीची मोड्यूलं ज्या कर्नलसाठी बांधली त्यालाच चालतात. नव्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. अ‍ॅस्टरिस्क सांगत होतं की डेव्ह/दाहडी/सीटीएल उघडता येत नाही. हे वाचून खाली जायला हवं होतं, पण भाचा गेला वर आणि अर्धा तास चॅन_दाहडी डॉट कॉन्फमध्ये खुडबुड करत बसला.

मी त्याला मशीन जुन्या कर्नलवर चालू करायला लावलं. पाच मिनिटांत अलार्म हिरवा. आणि लाइन तरीही बंद!

"काय बदललंस वर?"

"एका ठिकाणी पीआरआय_नेट लिहिलेलं होतं, म्हणून मी पण..."

सीपीई म्हणजे गिऱ्हाइकाची बाजू, नेट म्हणजे एक्स्चेंजची. त्याने आपल्या मशीनलाही एक्स्चेंज करून टाकलं होतं. लिबपीआरआय अशा वेळी सांगतं की आपण स्वतःला नेटवर्क समजतोय, पण समोरचेही स्वतःला नेटवर्कच समजतायत. दोन्हीकडे वरपक्षच असेल तर लग्न लागायचं कसं? सीपीई परत लिहिलं, अ‍ॅस्टरिस्क पूर्ण बंद करून चालू केलं (सिग्नलिंगचा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही), डी-चॅनल वर आला. बिघाड एक होता, आपण त्याचे दोन केले.

नव्या कर्नलसाठीचं बांधकाम मग सवडीने केलं. दाहडी ३.० पासून काही जुन्या पीसीआय कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकलेत, तेव्हा 'सगळ्यात नवी आवृत्ती घ्या' हा सल्ला इथे डोळे मिटून पाळू नका. आधी आपलं कार्ड तिच्यात उरलंय का ते बघा. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी मशीनची सोय) चालू असेल तर बांधलेल्या मोड्यूलवर सही लागते, नाहीतर कर्नल ते आत घेत नाही.

नोंदी कुठे ठेवायच्या हे मला फार उशिरा सुचलं. मी वर्षानुवर्षं सिस्टम डॉट कॉन्फमध्येच ओळीपुढे शेरे लिहायचो. मग एकदा दाहडी_जेनकॉन्फ चालवलं आणि सगळे शेरे धुऊन निघाले. ते टूल फाइल नव्याने लिहितं, आणि हाताने केलेले बदल जातील असं फाइलीच्या डोक्यावरच छापतं. ते वाचतो कोण? वरच्या बाजूला ते दाहडी-चॅनल्स डॉट कॉन्फ अशी वेगळी फाइल बनवतं, जी चॅन_दाहडी डॉट कॉन्फमध्ये इन्क्लूड केली नाही तर तिचा काही उपयोग नसतो.

आता दोन कागद ठेवतो, मशीनच्या दाराला आतून चिकटवलेले. खालच्या दाहडीच्या कागदावर कार्डाचा मॉडेल, स्लॉट, जंपर, कार्ड ५ व्होल्टच्या स्लॉटचं की ३.३ च्या (टीई४०५पी आणि टीई४१०पी यांत मुख्य फरक एवढाच, पण चुकीचं घेतलं तर बसतच नाही), चालत असलेला कर्नल, दाहडीची आवृत्ती, आणि सगळं हिरवं असताना प्रॉक/दाहडी/१ मध्ये काय दिसत होतं त्याची नक्कल. वरच्या दाहडीच्या कागदावर लाइनचा सर्किट क्रमांक, कारण तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न तोच येतो, नंबरांची मालिका, एक्स्चेंज पूर्ण नंबर पाठवतं की शेवटचे चार आकडे, आणि प्रत्येक बदलाची तारीख कारणासकट.

दोन्ही दाहड्या ठणठणीत असूनही काम अडतं, तेव्हा हे कागद लागतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा एका ऑफिसातलं मशीन आम्ही घाईघाईने वरच्या मजल्यावर नेलं. कार्डं काढून दुसऱ्या डब्यात बसवली. दोन एकसारखी कार्डं, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी. पाणी ओसरल्यावर सुरू केलं तर दोन्ही अलार्म हिरवे, दोन्ही डी-चॅनल अप, आणि विक्री विभागाचे फोन गोदामात वाजतायत. कार्डांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे स्पॅन १ चा स्पॅन २ झाला होता. कुठल्याही आज्ञेला यात काही वावगं दिसत नव्हतं, कारण कुठलं कार्ड कुठे होतं हे फक्त माझ्या डोक्यात होतं आणि मी त्या दिवशी पुराच्या पलीकडे अडकलो होतो. आता दोन्ही तारांवर आणि कार्डांच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी आहे, आणि खालच्या कागदावर पहिली ओळ: लाल पट्टी, खिडकीकडचा स्लॉट, स्पॅन १, विक्री.