जिल्ह्याच्या ठिकाणापाशी थांबलेले ‘कव्हरेज’

मोबाईल कंपन्यांचे दर, ग्राहकांची पळवापळवी आणि स्पेक्ट्रमच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या, लिलावातले आकडे यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. एखादा प्रदेश ‘कव्हर झाला’ असे कोणत्या कसोटीवर म्हणायचे आणि ती कसोटी कधी ठरली, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत आजही घराच्या पडवीत फोन लागत नाही आणि खळ्यात तुळशीच्या कठड्यावर ठेवला की रेंजच्या दोन काड्या दिसतात. हे केवळ डोंगराळ भूगोलामुळे घडते असे मानणे अपुरे आहे, कारण त्याची बरीचशी मुळे परवान्याच्या अटींत सापडतात.

महानगरांतले पहिले परवाने १९९४ मध्ये दिले गेले आणि राज्यांच्या सर्कलसाठी, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या सेवाक्षेत्रांसाठी, १९९५ मध्ये बोली लागल्या. मुंबई हे स्वतंत्र सर्कल झाले आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. ठरलेले शुल्क कंपन्यांना झेपेना, तेव्हा १९९९ च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली. या पहिल्या दहा वर्षांत फोन मुळातच शहरी आणि महाग होता, त्यामुळे व्याप्तीचा वाद फारसा उद्भवला नाही.

तो वाद समजून घ्यायचा तर नोव्हेंबर २००३ नंतरच्या एकीकृत (स्थिर आणि मोबाईल सेवेसाठी एकच असलेल्या) परवान्यातले एक कलम नीट वाचावे लागते. महानगराच्या परवान्यात एका वर्षात सेवाक्षेत्राचा ९० टक्के भाग व्यापण्याचे बंधन होते. राज्यांच्या सर्कलमध्ये मात्र पहिल्या वर्षी जिल्हा मुख्यालयांपैकी १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के व्यापली की अट पुरी होत असे. जिल्हा मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातले दुसरे एखादे शहर घेण्याची मुभाही होती. शहर ‘व्यापले’ याचा अर्थ नगरपालिकेच्या हद्दीतले ९० टक्के क्षेत्र, एवढाच धरला जाई. त्यापुढे कुठे जायचे हे कंपनीने आपल्या व्यवसायाच्या हिशेबाने ठरवावे, असे त्यात म्हटले होते, आणि लगोलग ग्रामीण भाग व्यापण्याची सक्ती नाही, हेही स्पष्ट शब्दांत लिहिले होते.

त्या शेवटच्या वाक्याचे वजन मला फार वाटते. महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये निम्म्या जिल्ह्यांची मुख्यालये पुरी केलेली कंपनी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण कर्तव्यदक्ष होती, मग तिची रेंज घाट उतरताच संपत असली तरी. मुदत चुकली तर आठवड्यागणिक दंड होता, पण त्याला सात कोटी रुपयांची कमाल मर्यादा होती. चाचणीही मुख्यतः रस्त्यावरून गाडी फिरवून, यंत्रावर सिग्नल मोजून होत असे, आणि त्या मोजणीत जांभ्याच्या भिंतीआडचे स्वयंपाकघर येण्याचे कारण नव्हते. कंपन्यांच्या जाहिरातींतला ‘कव्हरेज’ हा शब्द ग्राहकाने घराच्या दृष्टीने ऐकला, परवान्याने तो नगरपालिकेच्या हद्दीपुरता धरला, आणि हा फरक कुणी त्याला समजावून सांगितला नाही.

याच काळात स्पेक्ट्रमचे वाटपही गर्दीच्या बाजूने झुकलेले होते. (मराठी वृत्तपत्रे त्याला बरीच वर्षे ‘ध्वनिलहरी’ म्हणत आली, या रेडिओ लहरी आहेत, ध्वनीशी त्यांचा संबंध नाही.) परवान्यासोबत ४.४ मेगाहर्ट्‌झची जोडी (जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिग्नलसाठी प्रत्येकी तेवढी) मिळे आणि पुढचा वाटा त्या सर्कलमधल्या ग्राहकसंख्येवर ठरे. जितकी डोकी जास्त तितक्या लहरी जास्त, असा नियम असल्यावर कंपन्यांनी दाट वस्तीत सिमकार्डे खपवण्यावर जोर दिला, यात नवल नाही. दाखवलेले ग्राहक आणि प्रत्यक्ष चालू असलेली सिमकार्डे यांतली तफावत मोठी असल्याने दूरसंचार नियामकाला (ट्रायला) पुढे चालू जोडण्यांचा आकडा दरमहा वेगळा द्यावा लागला. शिवाय आधी आलेल्यांना ९०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मिळाला होता, जो एका टॉवरवरून दूरवर पोहोचतो आणि भिंतींतूनही बरा शिरतो. नंतर आलेल्यांच्या वाट्याला १८०० चा पट्टा आला आणि तेवढ्याच मुलखासाठी त्यांना अधिक टॉवर उभारावे लागले. खेड्यात दुसरी कंपनी उशिरा पोहोचण्याचे हे एक मोठे कारण आहे.

जानेवारी २००८ मध्ये २००१ च्या दराने दिलेले आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेले १२२ परवाने वाचकांना ठाऊक आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने या टू-जी प्रकरणातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले, हेही त्यासोबत लक्षात ठेवावे. २०१२ च्या निकालानंतर वाटप लिलावाने होऊ लागले. मार्च २०१५ च्या लिलावात, ज्यात महाराष्ट्राचा ९०० चा पट्टाही होता, सुमारे १.०९ लाख कोटींच्या बोली लागल्या आणि जुन्या कंपन्यांना आपल्याच हातातल्या लहरी टिकवण्यासाठी नव्याने पैसे मोजावे लागले. ग्रामीण भागाला सर्वात उपयोगी असा ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा २०१६ मध्ये मेगाहर्ट्‌झमागे ११,४८५ कोटींच्या राखीव (बोलीच्या किमान) किमतीमुळे तसाच पडून राहिला. २०२१ मध्येही त्याला बोली लागली नाही आणि २०२२ मध्ये एकाच कंपनीने तो घेतला.

ग्राहकनिष्ठेचा हिशेब या पार्श्वभूमीवर तपासायला हवा. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची, म्हणजे पोर्ट करण्याची, सोय हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला आणि देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली. तरी मुंबईहून नाशिकला कायमचे गेलेल्या माणसाला सर्कल बदलल्यामुळे ३ जुलै २०१५ पर्यंत ती मिळाली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये नव्या फोर-जी कंपनीने फुकट बोलणे देऊ केल्यावर शहरांत लोकांनी धडाधड पोर्ट केले, आणि जुलै २०२४ मधल्या दरवाढीनंतर काहींनी सरकारी कंपनीची वाट धरली. ज्या गावाला एकच टॉवर आहे तिथल्या माणसापुढे मात्र असा पर्यायच नव्हता. तो वर्षानुवर्षे त्याच कंपनीकडे राहिला म्हणून त्याला निष्ठावान ग्राहक म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. १९०० या क्रमांकावर पोर्टचा संदेश पाठवायलासुद्धा त्याला त्याच कंपनीची रेंज गाठावी लागते.

कंपन्यांच्या उत्पन्नातून भरल्या जाणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीचा पैसा २००६ च्या दुरुस्तीनंतर मोबाईलसाठी वापरता येऊ लागला आणि त्यातून ग्रामीण भागात सात हजारांवर सामायिक टॉवरांची योजना आली. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने फोर-जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. देशात पहिला मोबाईल कॉल झाला त्याला तेव्हा सत्तावीस वर्षे होत आली होती. २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांनी कंपन्यांना तंत्रज्ञाननिहाय कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळांवर टाकणे बंधनकारक केले आहे. आपली वाडी त्या नकाशात रंगलेली आहे की कोरी, हे सिम घेण्यापूर्वी पाहण्याची सोय ग्राहकाला त्यामुळे झाली.