प्रार्थना-विनंती : ठाणे व नवी मुंबई परिसरातील ख्रिस्ती प्रथा

ख्रिस्ती मिशनकार्यासाठी इतर विश्वासी लोकांनी देवाकडे मध्यस्थी करावी, म्हणून ठरावीक विषय सांगून केलेली तोंडी किंवा लेखी मागणी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अशा मागणीला प्रार्थनेचा विषय म्हणतात, तर कॅथलिक धर्मग्रामांत (चर्चच्या स्थानिक विभागांत) मिस्सेचा (मुख्य उपासनेचा) किंवा महिन्याचा हेतू म्हणतात. ठाणे परिसरातील विनंत्यांत मिशनकार्याच्या जोडीने कुटुंबाचा, विशेषतः आजीवन विवाहाचा, विषय सातत्याने आढळतो. वरवर पाहता हे दोन विषय वेगळे वाटतात. शास्त्रात व इतिहासात मात्र ते एकमेकांना लागूनच आले आहेत.

पौलाच्या पत्रांत ‘आमच्यासाठीही प्रार्थना करा’ अशी मागणी वारंवार येते (कलस्सै. ४:३, २ थेस्सल. ३:१). तुरुंगातून किंवा प्रवासातून लिहिणारा प्रेषित केवळ वृत्तान्त कळवीत नाही, वाचणाऱ्याला कामाचा भागीदार करून घेतो. विवाहाविषयी येशूचे ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ (मत्तय १९:६) हे वचन अनेक पंथांच्या विवाहविधीत वाचले जाते. दोहोंना थेट बांधणारे वचन त्या मानाने कमी उद्धृत होते: पतीने पत्नीला मान द्यावा, म्हणजे दोघांच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही (१ पेत्र ३:७). येथे प्रार्थना घरातल्या वागणुकीवर अवलंबून ठेवली आहे. अक्विल्ला व प्रिस्किल्ला (प्रेषितांची कृत्ये १८) या दांपत्याचा दाखलाही मिशनकार्याच्या संदर्भात दिला जातो.

प्रथेचा आरंभ : याविषयी एकमत नाही. प्रॉटेस्टंट लेखक सामान्यतः १७८४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर भागातील बॅप्टिस्ट मंडळ्यांनी सुरू केलेल्या मासिक प्रार्थनासभेकडे बोट दाखवतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या या सभेची प्रेरणा अमेरिकन धर्मोपदेशक जॉनथन एडवर्ड्झ यांच्या १७४७ मधील एका पुस्तिकेतून आली. काही अभ्यासक त्याहून मागे, जर्मनीतील हर्नहूट येथील मोराव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या बांधवांनी १७२७ मध्ये आरंभलेल्या अखंड प्रार्थनेपर्यंत जातात. नियमित, छापील व संघटित प्रथेपुरते हे बरोबर आहे. परंतु मिशनक्षेत्रातून पाठवलेले विनंतीपत्र एवढाच निकष लावल्यास ठाण्याचा पुरावा या दोहोंपेक्षा चारशेहून अधिक वर्षांनी जुना ठरतो, आणि तो बाजूला ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही.

हा पुरावा म्हणजे जॉर्डानस या डॉमिनिकन संघाच्या कॅथलिक धर्मबंधूची दोन पत्रे. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू त्याच्यासोबत समुद्रमार्गे ठाण्यास आले होते. तो दुसरीकडे गेला असता चौघे येथे मारले गेले. ९ एप्रिल १३२१ ही तारीख सामान्यतः स्वीकारली जाते. पीटरचा मृत्यू दोन दिवसांनंतरचा मानतात. जॉर्डानसने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पहिले पत्र त्याने ऑक्टोबर १३२१ मध्ये गुजरातेतील घोघ्याहून इराणातील धर्मबंधूंना लिहिले व सोपारा, भडोच आणि कोल्लम येथे माणसे पाठवण्यास सुचवले. दुसरे पत्र ठाण्याहूनच लिहिलेले आहे. त्यात एकटेपणा, आजार व छळ यांची हकीकत आहे, सोबतीला धर्मबंधू पाठवावेत असा आग्रह आहे आणि स्वतःसाठी प्रार्थनेची याचना आहे.

दुसऱ्या पत्राच्या वर्षाविषयी वाद आहे. त्यावरील जानेवारी १३२३ हा काळ काहीजण जसाच्या तसा घेतात. मात्र मध्ययुगीन युरोपात अनेक ठिकाणी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या गणनेने हा जानेवारी आजचा १३२४ ठरतो. सोबत्यांच्या मृत्यूनंतर सुमारे अडीच वर्षे आपण या भागात एकटे राहिलो, असे जॉर्डानस सांगतो. १३२१ च्या एप्रिलपासून मोजल्यास हे १३२४ शीच जुळते, म्हणून तोच पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. जॉर्डानस पुढे १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप नेमला गेला.

या घटनेचा विवाहाशी असलेला संबंध इतिहासकार बहुधा एका वाक्यात उरकतात. पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी काही काळानंतर ठाण्यास आला व हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. त्याच्या वृत्तान्तानुसार त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडील एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि चौघे धर्मबंधू त्यांपैकी एका घरी उतरले होते. त्या घरच्या नवरा-बायकोत भांडण झाले व नवऱ्याने तिला मारहाण केली. ती सकाळी काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने घरातल्या पाहुण्यांचे नाव सांगितले. त्यांना बोलावणे गेले, तेथे धर्मविषयक वाद झाला आणि त्याचे पर्यवसान त्यांच्या मृत्यूत झाले. वृत्तान्तातील चमत्कारांचा भाग भक्तिपर परंपरेतला मानला, तरी भांडणाचा तपशील रचलेला असण्याचा संभव कमी. हुतात्म्यांच्या गौरवाला त्याने काही भर पडत नाही. चौघांची नावे नोंदली गेली आणि तोलेंतिनोच्या थॉमसला चर्चने १८९४ मध्ये अधिकृत मान्यता दिली. त्या स्त्रीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासात ज्या विवाहाची इतकी जुनी हकीकत मिळते, तो मार खाणाऱ्या आणि न्याय मागणाऱ्या पत्नीचा आहे. आजीवन विवाहाचे मूल्य या परिसराच्या संदर्भात मांडताना ही हकीकत वगळणे योग्य नव्हे.

पोर्तुगीज काळ : ठाणे पोर्तुगीजांकडे असताना (१७३७ पर्यंत) फ्रान्सिस्कन व जेझुइट संघांनी येथे काम केले. मासुंदा तलावाजवळील संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे मूळ याच काळातले. विवाह धर्मगुरू व साक्षीदारांसमोरच झाला पाहिजे, हा ट्रेंट परिषदेचा निर्णय १५६३ चा. नवख्रिस्ती लोकांच्या आधीच्या विवाहांचे काय, हा प्रश्न मात्र मिशनक्षेत्रातच तीव्र होता. त्यासाठी पोपनी १५३७, १५७१ व १५८५ मध्ये तीन स्वतंत्र आदेश काढले. अनेक पत्नी असलेल्या पुरुषाने बाप्तिस्म्यानंतर कोणाला पत्नी मानावे, याचा निर्णय त्यांत आहे. पूर्वीच्या पत्नींच्या निर्वाहाविषयी साधने बहुतांशी गप्प आहेत.

ब्रिटिश काळ : अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले. त्याचे मिशनरी जॉन निकल्स हे सपत्नीक ठाण्यात राहत. ते १८२४ मध्ये वारले. विवाहित मिशनरी पाठवण्याकडे या मिशनचा कल होता, त्यामुळे दांपत्याचे घर हेच कामाचे केंद्र बने. अशा केंद्रांवरून गेलेली पत्रे अमेरिकेत छापली जात व मासिक प्रार्थनासभेत वाचली जात. ठाण्यातील अँग्लिकन संत जेम्स चर्चचे समर्पण १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जगभर प्रार्थना करण्याचे आवाहन १८५८ मध्ये लुधियानाच्या मिशनऱ्यांनी केले, आणि त्यानुसार पहिला सप्ताह १८६० मध्ये पाळला गेला. मराठी मंडळ्यांचे विषय व वार्ता अहमदनगरहून १८४२ मध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून पसरत. कॅथलिकांत पोपच्या मासिक हेतूंमध्ये मिशनकार्याचा स्वतंत्र हेतू १९२९ पासून दिला जाऊ लागला.

कायदा व शिस्त : पती किंवा पत्नी एकट्यानेच ख्रिस्ती झाल्यास १८६६ च्या कायद्याने विवाहविच्छेदाची वाट दिली. रेव्ह. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. संसार पुन्हा जुळल्याचे हे उदाहरण मराठी मंडळ्यांत आदराने सांगितले जाते. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात स्त्रीला केवळ पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता वगैरे दाखवावी लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये हा भेदभाव अवैध ठरवला व २००१ च्या दुरुस्तीने कायदाच बदलला. कॅथलिक चर्चच्या कायद्यात विवाह अभेद्य मानला असला, तरी जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा आहे (नियम ११५३). विवाह टिकावा म्हणून प्रार्थना करणाऱ्या मंडळीने हा नियम पीडित व्यक्तीला सांगणे, हाही त्या प्रार्थनेचाच भाग समजला पाहिजे.

सद्यःस्थिती : घरसभा, उपास-प्रार्थना, चिठ्ठ्यांची पेटी आणि मोबाइलवरील गट ही विनंतीची परिचित साधने होत. खाजगी वैवाहिक अडचणी नाव न घेता, ‘एका कुटुंबासाठी’ अशा शब्दांत मांडण्याचा संकेत आहे. लग्नाच्या वाढदिवसाला दांपत्याने मंडळीसमोर उपकारस्तुती करून मिशनकार्यासाठी दान देण्याची पद्धतही आढळते. नवी मुंबईतील मंडळ्या प्रामुख्याने १९७० मध्ये सिडको हे नगरनियोजन महामंडळ स्थापन झाल्यानंतर वसलेल्या नोडांत (नियोजित उपनगरांत) वाढल्या. त्यांत मराठीबरोबर मल्याळम, तमिळ, कोंकणी व इंग्रजी उपासना होतात. केरळी परंपरेच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. त्यांच्या विवाहात वर वधूला मिन्नू (मंगळसूत्रासारखा दागिना) बांधतो व मंत्रकोडी हे वस्त्र देतो.